घोडेदवाखाना

ज्योतीरामच्या भाकरीत केस निघाला. तो जेवत होता आणि कुसुम चुलीपुढं बसून पुढची भाकरी थापत होती, त्यामुळं तिला आधी नुसता त्याचा थांबलेला हात दिसला. त्यानं भाकरीच्या पापुद्र्यातून तो केस ओढायला सुरुवात केली आणि केस येतच राहिला. लांब, ताठ, तांबूस, दोऱ्यासारखा जाड. पुरा बाहेर आल्यावर त्यानं तो चुलीच्या उजेडाकडं धरला, बोटाभोवती एकदा गुंडाळून पाहिला आणि वाटेत ओळखीचं माणूस भेटल्यासारखा म्हणाला, "बिजलीचा हाय. शेपटीचा." मग केस बाजूला टाकला, बोटं लेंग्याला पुसली आणि त्याच भाकरीचा पुढचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. कुसुमच्या तोंडाला पाणी सुटलं. चवीचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं तसलं, खारट. परातीतली भाकरी अर्धीच थापलेली होती, तिच्यावर तिच्या बोटांचे ठसे तसेच राहिले. पीठ तिनंच चाळलं होतं. तिनंच मळलं होतं. पिठाच्या डब्याजवळ तो कधी जात नाही, कामावरचे कपडे ती दाराबाहेरच काढून घ्यायला लावते. म्हणजे केस तिच्या हातावरून आला असणार, नाहीतर लुगड्यावरून, नाहीतर तिच्या स्वतःच्या केसांतून. ती इतके दिवस त्याच्याकडं बोट दाखवत होती आणि घोडा तिच्या अंगावर येऊन बसला होता.

"जेव की," ज्योतीराम म्हणाला. "केसच हाय. काय मेलेला उंदीर निघाला का?"

"तुमचं होऊ द्या," ती म्हणाली आणि परातीतलं पीठ पुन्हा गोळा करून तिंबत बसली.

ज्योतीराम ज्या पागेत कामाला होता ती पिंपरीच्या स्टेशनापलीकडं, पवनेच्या उताराला होती. औषधं करणाऱ्या एका कंपनीनं लढाईच्या दिवसांत तिथं पत्र्याच्या लांबलचक शेड उभ्या केल्या होत्या आणि शेडच्या मागं कामगारांसाठी खोल्यांची एक ओळ. कंपनीचं इंग्रजी नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक म्हणत घोडेदवाखाना. ताक विकायला येणारी सगुणाबाई कुसुमला ती नवी असतानाच म्हणाली होती, "तुजा मालक घोडेदवाखान्यात हाय व्हय? मंग मला सांग बया, तितं आजारी घोडं जाताना आमी कवा बघितलं न्हाई. आत जात्यात ती धडधाकट. आन् आजारी पडत्यात आत गेल्यावर. ह्यो कसला दवाखाना?" कुसुमला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा द्यावंसं वाटलं नाही.

ज्योतीरामनं तिला ते लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. दोघं एका घोंगडीखाली होती तेव्हाची गोष्ट. धनुर्वाताचं विष घोड्याच्या कातडीखाली टोचायचं. आधी थेंबभर, मग जरा जास्त, मग आणखी जास्त. घोड्याचं अंग तापतं, खांद्याशी गाठ येते, तोबऱ्यातल्या चंदीला तो तोंड लावत नाही. पण मरत नाही. विषाशी झुंजायचं त्याचं रक्त शिकत जातं. रक्त पुरतं शिकलं की त्याला लाकडी चौकटीत उभं करायचं, वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा म्हणजे त्याचं सगळं ध्यान ओठात राहतं, आणि मानेची शीर दाबून तिच्यात बोरूएवढी जाड सुई घालायची. रबरी नळीतून रक्त काचेच्या उंच बरणीत उतरतं. बरणी हलवायची नाही. तांबडं खाली बसतं, वर पिवळं पाणी राहतं. ते पाणी म्हणजे औषध. "कुणाला गंजका खिळा लागू दे, कुणाचा हात यंत्रात जाऊ दे, ते पाणी टोचलं की माणूस वाचतो," तो म्हणाला होता. "घोड्याच्या रगतावर माणसं जगायलीत, सांग कुणाला खरं वाटंल?" त्याचा हात तिच्या मानेखाली होता. तिला आपल्या मानेतली शीर त्याच्या मनगटावर उडताना कळली आणि ती किंचित बाजूला सरकली. तेवढंच. तेव्हा तिला किळस आली नव्हती. 

घोडा तिला परका नव्हता. तिचं माहेर जिंतूरकडचं, तिथल्या जहागीरदाराची पागा गढीच्या पायथ्याशी होती आणि दसऱ्याला तिथला पांढरा घोडा गावातून मिरवत यायचा. पायांना मेंदी, कपाळावर चांदीचा चांद, पाठीवर जरीची झूल आणि झुलीवर कुणी बसलेलं नसायचं, कारण त्या दिवशी घोडा हाच देव. तिची आई सोजराबाई तांब्याभर पाणी त्याच्या खुरांवर ओतायची आणि ते ओलं बोट कुसुमच्या कपाळाला लावायची. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जहागीर गेली, आणि तोच घोडा परभणीच्या टांगेवाल्याकडं गेला. एकदा बाजाराला गेल्यावर आईनं तिला दाखवला. पाठीवर जरीच्या जागी फोड होते, फोडांवर माशा होत्या, आणि सोजराबाई पदर नाकाला लावून म्हणाली, "चल पुढं, घाण येती." कुसुमनं तेव्हा आईकडं पाहिलं होतं. बारा-तेरा वर्षांची असेल ती. ह्याच बाईनं ह्याच खुरांचं पाणी माझ्या कपाळाला लावलं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते बोलून दाखवलं नाही. ज्योतीरामचा बाप त्याच जहागीरदाराच्या पागेत घोडे सांभाळणारा मोतद्दार होता. पागा मोडल्यावर बाप मेला, मुलगा पुण्याकडं आला, आणि घोड्यांचं काही कळतं म्हणून त्याला हे काम लागलं. मागणी आली तेव्हा तिच्या वडिलांना मध्यस्थानं सांगितलं होतं की मुलगा औषधाच्या कंपनीत आहे. ते खोटं नव्हतं. लग्नात तो घोडीवरून आला तो असा बसून, की बाया म्हणाल्या, नवरदेव शोभतो. मांडवाच्या दारात घोडी मुतली आणि सगळे हसले. त्याच्या शेल्याला घोडीच्या घामाचा वास येत होता, आणि आंतरपाट दूर झाल्यावर कुसुमनं पहिल्यांदा जे घेतलं ते नवऱ्याचं रूप नव्हे, तो वास.

मूल झालं ते माहेरी. मुलगा. दाईनं नाळ विळ्यानं कापली, विळा पदराला पुसून. त्यात नवं काही नव्हतं. कुसुमची नाळही त्याच दाईनं तशीच कापली होती. आठवडा भरायच्या आत पोर अंगावर प्यायचं थांबलं. ओठ पुढं यायचे पण जबडा उघडायचा नाही. तिनं दूध पिळून बोटावर घेऊन त्याच्या ओठांत घालून पाहिलं. ते बाहेर ओघळलं. मग त्याची पाठ वाकायला लागली. उजेड पडला, भांडं वाजलं, कुणी दारातून आत आलं, की ते एवढंसं अंग धनुष्यासारखं ताणायचं आणि तोंडावर असं काही व्हायचं, की बघणाऱ्याला वाटावं हसतंय. शेजारची एक म्हातारी म्हणालीही, "हसतंय बघ, सटवी हसवती." कुसुमला ते हसू अजून दिसायचं. वडिलांनी पिंपरीला तार केली. ज्योतीराम आला तेव्हा माती होऊन गेली होती. खांद्याच्या पिशवीत डबा होता, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. तो अंगणात तसाच उभा राहिला, पिशवी न उतरवता. शेवटी सोजराबाईनं पुढं होऊन डबा त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "जावईबापू, पाय धुवा." नंतर तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं की बाटली वेळेवर आली असती तरी एवढ्या लहान पोराचं सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढंच तो म्हणाला होता. घरात मात्र प्रत्येकानं ते आपापल्या सोयीनं पुरं करून घेतलं.

परत आल्यावर तिला तो वास यायला लागला. म्हणजे वास आधीही होता, आता तो सगळीकडं होता. लिदीचा आंबूस वास आणि त्याच्या खाली लोखंडासारखा दुसरा. ज्योतीराम नळावर तांबड्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, नखं काडीनं कोरायचा, तरी तो हात ताटाकडं आला की तिला त्या हातात सुई दिसायची. त्यानं पाणी प्यालेलं भांडं ती राखेनं दोनदा घासायची. दोन अंथरुणं झाली. एकदा थंडीच्या दिवसांत त्यानं नुसता हात तिच्या दंडावर ठेवला, तर तिचं अंग इतकं ताठ झालं की त्यानं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. आणि अंधारात दोघांच्याही मनात एकाच वेळी ते ताठ झालेलं दुसरं अंग आलं असणार, कारण त्यानंतर त्यानं कधी हात ठेवला नाही. तो चिडला असता, ओरडला असता, दारू पिऊन आला असता, तर तिला सोपं झालं असतं. तो पगार आणायचा, पाणी भरायचा, बिजलीनं आज चंदी खाल्ली नाही असलं काही सांगायचा. घोड्यांना कंपनीनं नंबर दिले होते. नावं त्यानं ठेवली होती. पुण्याच्या शर्यतीत पाय मोडून आलेली बिजली, पलटणीतून आलेला काळा सुभान, टांग्याचा म्हातारा राजा. ज्याला नाव ठेवायचं त्याच्याच मानेत सुई घालायची. हे एकाच माणसाला कसं जमतं, ह्याचा तिनं खूप विचार केला, आणि विचार करता करता तिला तो दोन तोंडांचा वाटायला लागला.

ज्या सकाळी भाकरीत केस निघाला ती खंडेनवमीची होती. कंपनीत हत्यारांची पूजा होती. शेजारच्या खोलीतल्या शालनबाई, ज्यांचा नवरा बरण्या धुवायच्या कामावर होता, तिला बोलवायला आल्या. ह्या जुन्नरकडच्या, तोंडाच्या मोकळ्या. "चल गं, प्रसाद घेऊन येऊ. घरात बसून काय अंडी उबवतेस?" कुसुम गेली. एका पाटावर पांढरं फडकं घातलं होतं आणि त्यावर सुया मांडल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, रबरी नळ्यांची वेटोळी, धुतलेल्या बरण्या, ओठ पिळायचा दांडा. सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं होतं. एका जाड सुईच्या पोकळ टोकात झेंडूची पाकळी अडकली होती. तिला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. भटजींनी मंत्र म्हटले, डॉक्टरसाहेबांनी बूट काढून हात जोडले. तिनं प्रसादाचा शिरा तळव्यावर घेतला आणि वाटेत कुत्र्याला घातला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुकादमानं खोल्यांवर निरोप पाठवला की साहेबांच्या बाईसाहेब येणार आहेत, घोड्यांना ओवाळायचं आहे, सवाष्णींनी ताटं घेऊन यावं. ज्योतीराम पहाटेपासून तिकडंच होता. कुसुमनं न जाण्याची दोन-तीन कारणं मनात जुळवली, पण शालनबाईंनी दारात उभं राहून तिच्या अंबाड्यात फूल खोवलं आणि कारणं तशीच राहिली. शेडपुढच्या मोकळ्या जागेत सगळे घोडे ओळीनं उभे केले होते. धुतलेले, खरारा केलेले, उन्हात चकाकणारे. गळ्यात झेंडूच्या माळा. लांबून पाहिलं तर तिला क्षणभर जिंतूरची गढी दिसली, पांढऱ्या घोड्याच्या कपाळावरचा चांदही दिसला. जवळ गेल्यावर माळांच्या खाली माना दिसल्या. शिरेच्या वाटेवर केस कातरून टाकलेली जागा, आणि तिथं एकाखाली एक भोकांचे व्रण, काही जुने, कातडीत मुरलेले, काही ताजे, काळ्या खपलीचे. खांद्यांवर गाठी. सुभानच्या गाठीतून काही पाझरत होतं आणि त्यावर माशा बसू नयेत म्हणून कुणीतरी हळद थापली होती, औषधाची की पूजेची कळायला मार्ग नव्हता.

बाईसाहेबांनी पहिला घोडा ओवाळला आणि मागं होऊन रुमाल नाकाशी धरला. मग एकेक बाई पुढं होत गेली. कुसुमच्या वाट्याला बिजली आली. ज्योतीराम तिचा लगाम धरून उभा होता, डोक्याला नवा फेटा, आणि त्याचा डावा हात घोडीच्या जबड्याखाली होता, खाजवत होता, आणि तो तिच्याशी बोलत होता. "उगी. उगी माय. झालं आता. आपलंच माणूस हाय." कुसुमनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. तिच्या मुलापर्यंत तो आवाज पोचलाच नाही, हे तिच्या मनात आलं. तिनं निरांजन फिरवलं. बाजूच्या शालनबाईंनी हात पुढं करून, एवढं मोठं कपाळ सोडून, घोडीच्या मानेवरच, थेट खपलीवर, कुंकवाचं बोट ओढलं. कुंकू व्रणाच्या खाचेत उतरलं. घोडीची कातडी तेवढ्यापुरती थरथरली आणि तिनं मान वळवून कुसुमकडं पाहिलं. त्या डोळ्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. काळं पाणी होतं आणि त्यात ताट घेतलेली एक बाई उभी होती, लहानशी, वाकलेली. आणि कुसुमला एकदम कळलं, की त्या दिवशी माहेरच्या अंगणात कुणी येऊन म्हणालं असतं, पोर वाचेल, पण ही घोडी पुरी रिकामी करावी लागेल, तर तिनं विचारलं नसतं ही कुणाची, हिचं नाव काय. तिनं स्वतः लगाम धरला असता. ओठ पिळायचा दांडा तिनं स्वतः पिळला असता, दोन्ही हातांनी, आणि एवढ्यानं भागलं नसतं तर दुसरी मागितली असती. ज्योतीराम निदान खाजवत तरी होता. तिनं खाजवलंही नसतं. इतके दिवस जे त्याच्या हातावर पाहून तिनं तोंड फिरवलं ते तिच्या पोटात होतं, तिथंच होतं, आणि ते वर आलं. ताट कलंडलं. निरांजन मातीत विझलं. ती झेंडूच्या पाकळ्यांवर, घोडीच्या पुढच्या पायांजवळ, सगळ्यांसमोर ओकली.

घोडी दोन पावलं मागं सरली. कुणीतरी पाणी आणलं. आणि शालनबाईंनी दोन्ही हात गालांवर नेले. "अगं बाई! कधीपासून गं? मला बोलली नाहीस ती!" मग बायांचा घोळका तिच्याभोवती झाला. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी तोंड पुसलं. बाईसाहेब रुमाल खाली घेऊन हसल्या. "दसऱ्याच्या दिवशी! फार चांगलं झालं." मुकादमानं ज्योतीरामच्या पाठीत थाप मारली. एकजण म्हणाला, "ज्योतीबा, पेढे लागतील!" कुसुमनं त्या बायांच्या खांद्यांमधून त्याच्याकडं पाहिलं. त्या सगळ्या माणसांत दोघांनाच माहीत होतं की हे होणं शक्य नाही. त्याचा चेहरा फेट्याखाली आधी रिकामा झाला. मग त्यावर हळूहळू हसू आलं, लाजल्यासारखं, आणि त्यानं मान हलवली.

तो दिवेलागणीला घरी आला. हात धुतले नव्हते. पळसाच्या पानाचा पुडा त्यानं फळीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसला.

"साहेबांनी दिलेत. पेढे."

"काय म्हणाले?"

"सांभाळ म्हणले. अवघड काम सांगू नको म्हणले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणलो." तो जमिनीकडं बघत होता. "नाही म्हणलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. तिथं, सगळ्यांपुढं."

कुसुमला हसू आलं. हसू नव्हतंच ते, नाकातून निसटलेला वारा होता, पण त्यानंही वर पाहिलं आणि तोही तसाच काहीसा हसला, आणि मग दोघंही थांबली. बाहेर पोरं आपट्याची पानं वाटत ओरडत होती. आता बोललं नाही तर हे पोट महिन्यामहिन्यानं वाढत जाईल, असं तिला वाटलं. लोक रोज विचारतील, आणि हा रोज हो म्हणेल.

"मला तुमची किळस येते," ती म्हणाली. "तुमच्या हाताची. त्या हातानं तुम्ही जेवता त्याची."

"ठाऊक हाय."

"ठाऊक आहे?"

"मी काय आंधळा हाय का? भांडं दोनदा घासतीस."

 त्यानं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असल्यासारखा त्यांच्याकडं बघत बोलायला लागला.

"मला किळस येत नाही. पहिल्या दिवशी आली होती. रगत नळीत आलं आणि मी बाहेर जाऊन ओकलो, आज तू ओकलीस तसा. मुकादम हसला. म्हणला, जाईल. गेली. मला बरंच वाटलं, पोटाचा प्रश्न होता. मग आपला गेला. तिकडून पोराची माती बघून परत कामावर आलो, त्या दिवशी बिजलीची पाळी होती. मला वाटलं, आज हात थरथरंल. थरथरला नाही. बरणी भरली, सुई काढली, बोळा दाबून धरला. दुपारी डबा खाल्ला. लसणाची चटणी होती. चव लागली मला, कुसुम." तिचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं, घ्यायची रीत नव्हती. "चव लागली तेव्हा मला माझं भ्या वाटलं. म्हणलं, हे काय झालंय मला? मग घरी आलो, आणि तू माझ्या हाताकडं बघून तोंड फिरवलंस. वाईट वाटलं. पण बरं बी वाटलं. म्हणलं, घरात एकाला तरी येतीय. तेवढ्यासाठी घरी येतो मी. नाहीतर तिथंच पागेत झोपलो असतो."

 तिला दया आली असं नव्हतं. त्याच्याबद्दल जी एक घट्ट, तयार अशी गोष्ट तिच्याजवळ होती ती आता हातात धरता येईना, एवढंच. तिला वाटलं होतं, हा माणूस काहीच बघत नाही. आणि तो इतके दिवस तिचं तोंड फिरवणं रोज घरी येऊन बघत होता, लागतं म्हणून. त्यात तिला पुन्हा किळस आली. आणि आपण त्याला कधी काही विचारलं नाही, त्याचीही आली.

"घोडी मीच रिकामी केली असती," ती म्हणाली. "त्याच्यासाठी. तुमच्या हातून सुई घेऊन."

"हां," तो म्हणाला. "कुणीबी केली असती."

"कुणीबी नाही. मी."

त्यानं मान डोलावली. ती उठली, ताट घेतलं, त्याला वाढलं आणि मग, लग्नानंतर पहिल्यांदाच, आपलंही त्याच्याबरोबर वाढून घेतलं. जेवण गेलं नाही. पण ती समोर बसून राहिली, तो जेवत असताना त्याच्या हाताकडं बघत. मुंग्या पेढ्यांच्या पुड्यावर चढायला लागल्या तेव्हा तिनं उठून पुडा वाटीत घातला आणि ती वाटी पाण्याच्या परातीत ठेवली.

सकाळी ती कळशी आणि पुडा घेऊन नळावर गेली. चार-पाच बाया होत्या. शालनबाईंनी तिला पाहताच रांग मोडून जागा केली. "ये गं, तू नको उभी राहूस. चिंच ठेवलीय तुझ्यासाठी, घेऊन जा. आणि जड उचलू नकोस, मी देते कळशी आणून."

"मला दिवस गेलेले नाहीत," कुसुम म्हणाली.

नळाचं पाणी कुणाच्या तरी बादलीत पडत राहिलं. शालनबाई हसल्या. "वेडी का काय? लपवायचं असतं ते दृष्टीला, आम्हांला कशाला?"

"लपवत नाही. नाहीत. ह्यांनाही माहीत आहे, ते नुसते हो म्हणाले. हे पेढे घ्या, पोरांना वाटून टाका. माझ्यानं खाववत नाहीत."

एक बाई पदर दातात धरून दुसरीकडं बघायला लागली. शालनबाईंच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण आता त्यांना ते ठेवायला जागा सापडेना. "मग उलटी कसली? घोड्याची किळस आली होय?"

"घोड्याची नाही," कुसुम म्हणाली.  "घोड्याची सोडून सगळ्यांची आली. तुम्ही कुंकू लावलंत ना तिच्या जखमेवर, तुमची आली. साहेबांची. आमच्या ह्यांची. पण आधी माझी आली."

 स्टेशनाकडून गाडी आली आणि तिचा आवाज बराच वेळ सगळ्यांच्या मध्ये राहिला. आता ह्या आपल्याशी बोलणार नाहीत, कुसुमच्या मनात आलं, आणि तिनं कळशी नळाखाली धरली. शालनबाई पुडा हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी उजव्या हाताचं बोट, ज्यानं काल कुंकू लावलं होतं ते, नकळत लुगड्याला पुसलं, मग पुन्हा पुसलं. कळशी भरून वाहायला लागली. तेव्हा त्यांनी पुडा कट्ट्यावर ठेवला, वाकून दोन्ही हातांनी कळशी उचलली आणि कुसुमच्या कमरेवर दिली. तोल सावरेपर्यंत त्या तशाच धरून उभ्या राहिल्या.